हाडांचे वय, गावचे आणि शहरचे

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत नातवंडे एकत्र जमली, की एक कार्यक्रम हमखास होतो. शहरातून आलेला दहा वर्षांचा मुलगा आणि गावातच वाढलेला त्याचा तेवढ्याच वयाचा चुलतभाऊ यांना पाठीला पाठ लावून उभे केले जाते. शहरातला चार बोटे उंच भरतो. आत्या म्हणते, "याला शहराचे पाणी मानवले." आजी गावच्या नातवाचा दंड चाचपून म्हणते, "असू दे, हा हाडापेराने मजबूत आहे." दोघींच्याही म्हणण्यात काही तथ्य असते, परंतु एक गोष्ट दोघींच्याही नजरेतून सुटते. दोन्ही मुलांचा जन्म एकाच महिन्यातला असला, तरी त्यांच्या हाडांचे वय एकच असेल असे नाही. एकाची हाडे अकरा वर्षांच्या मुलाची असू शकतात, दुसऱ्याची नऊ वर्षांच्या मुलाची.

या दुसऱ्या वयाला अस्थिवय म्हणतात. ते मोजण्याची सोय निसर्गानेच मनगटात करून ठेवली आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. मूल जन्मते तेव्हा त्यांपैकी सहसा एकही क्ष-किरण चित्रात दिसत नाही, कारण त्या जागी अजून मऊ कूर्चा असते. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडे दिसू लागतात, बाकीची वर्षावर्षाच्या अंतराने येतात आणि वाटाण्याएवढे शेवटचे हाड आठ ते बारा वर्षांच्या सुमारास उमटते. बोटांची आणि हातापायांची लांब हाडे दांडा व टोक अशा दोन भागांत वाढतात. या दोहोंच्या मध्ये कूर्चेची एक पातळ चकती असते आणि हीच उंची वाढण्याची जागा होय. चकतीत नव्या पेशी तयार होत राहतात. दांड्याकडील जुन्या पेशी फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी खनिज साचून हाड बनते. एके दिवशी ही चकती संपते, टोक आणि दांडा एकजीव होतात आणि त्या हाडाची लांबी कायमची ठरते.

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात १९३० च्या दशकापासून सुस्थितीतील घरांतील मुलांच्या हातांची क्ष-किरण चित्रे वर्षानुवर्षे घेतली गेली. त्यांच्या आधारे ग्रूलिक आणि पाइल या दोन संशोधकांनी १९५० साली एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. आजही मुलाच्या डाव्या हाताचे चित्र त्या संग्रहाशी ताडून अस्थिवय सांगितले जाते. इंग्लंडमध्ये जेम्स टॅनर आणि व्हाइटहाउस यांनी मनगट व बोटांच्या एकेका हाडाला गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत बसवली. तिची तिसरी आवृत्ती २००१ साली आली. या दोन्ही पद्धतींतून स्पष्ट दिसले, की अगदी निरोगी मुलांतही हाडे वर्षभर पुढे किंवा वर्षभर मागे असणे ही सामान्य बाब आहे. मुली तर मुलांच्या पुढेच असतात. वाढीची मोठी उसळी मुलींमध्ये बाराव्या वर्षाच्या आसपास शिगेला पोहोचते, मुलांमध्ये चौदाव्या.

ही चकती बंद कशामुळे होते, याचे उत्तर १९९४ साली एका विलक्षण रुग्णामुळे मिळाले. अमेरिकेतील २८ वर्षांच्या एका पुरुषाची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि ती अजून वाढतच होती. त्याचे अस्थिवय होते अवघे १५ वर्षे. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा परिणाम होत नव्हता. हे संप्रेरक स्त्रियांचे म्हणून ओळखले जाते; पण मुलगा असो वा मुलगी, हाडांची दारे तेच लावते, हे या एका उदाहरणाने सिद्ध झाले. वयात येताना जे संप्रेरक वाढीला वेग देते, तेच पुढे वाढ थांबवते.

याचा व्यवहारातला अर्थ व्यापारी घरांना मुदत ठेवीच्या उदाहरणाने चटकन कळेल. दोन ठेवींपैकी एकीचे व्याज लवकर दिसू लागते, पण तिची मुदतही लवकर संपते. दुसरी बरेच दिवस जागच्या जागी दिसते, पण तिची मुदत मागाहून भरते. दहाव्या वर्षी वर्गात सर्वांत उंच असलेली मुलगी अठराव्या वर्षी मैत्रिणींच्या मागे राहते आणि नववीपर्यंत पहिल्या बाकावर बसणारा मुलगा महाविद्यालयात जाऊन वडिलांच्या खांद्यावरून पाहू लागतो, ते यामुळेच. दहाव्या वर्षीच्या उंचीवरून अंतिम हिशेब मांडणे म्हणजे तिमाहीच्या आकड्यांवरून वर्षाचा ताळेबंद सांगणे होय.

मग गावचा मुलगा मागे असतो तो केवळ उशिरा वाढणारा म्हणून, की त्याच्या वाढीत खरोखरच तूट आहे म्हणून? प्रश्नाचे गांभीर्य येथे सुरू होते. अपुरे अन्न आणि वारंवारचे आजार यांमुळे हाडे परिपक्व होण्याचा वेगही मंदावतो. त्यामुळे अशा मुलाला वाढीसाठी थोडी अधिक वर्षे मिळतात आणि ती मिळाली की तूट आपोआप भरून निघेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी त्या परिसरातील खेड्यांतील मुलांच्या उंचीचा पाचव्या वर्षापासून तारुण्यापर्यंत मागोवा घेतला. बालपणी कुपोषित राहिलेल्या मुलांची वाढीची उसळी उशिरा आली, वाढीचा काळही लांबला. परंतु पाचव्या वर्षी जी तूट होती, ती प्रौढपणीही बहुतांशी तशीच राहिली. मुदत वाढवून मिळाली, तरी बुडालेले मुद्दल परत आले नाही.

याचे कारण वाढीच्या गणितातच आहे. मूल पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात सुमारे १२. त्यानंतर वयात येईपर्यंत वाढ वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर स्थिरावते. जेथे उलाढाल सर्वांत मोठी, तेथेच तोटाही सर्वांत मोठा होतो. म्हणून खुरटलेपणाची मोजणी पाच वर्षांखालील मुलांत केली जाते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी आढळली. ग्रामीण भागात हे प्रमाण ३७.३ टक्के होते आणि शहरी भागात ३०.१ टक्के. गाव मागे आहे हे खरे, पण शहरातीलही दर दहांतील तीन मुले खुरटलेली आहेत, हेही तितकेच खरे.

"आपली माणसे मुळातच बुटकी" असे सांगून या आकड्यांची बोळवण केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने या समजुतीची १९९७ ते २००३ या काळात कसोटी घेतली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील अशी मुले निवडली, की ज्यांना आईचे दूध, पुरेसा आहार, स्वच्छता आणि वैद्यकीय सेवा मिळत होती. भारतातील मुले दिल्लीची होती. पहिल्या पाच वर्षांत सहाही देशांतील मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढली. वंशाचा वाटा आहेच, पण लहान वयात तो समजला जातो तेवढा मोठा नाही.

हाडांचा पाया तर जन्मापूर्वीच घातला जातो. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे एक संशोधन पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत सुरू केले. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या आहाराची आणि श्रमांची त्यांनी बारकाईने नोंद ठेवली. त्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. ज्या माता गरोदरपणात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे अंगापिंडाने मोठी होती. हीच मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या हाडांतील खनिजाचे मोजमाप झाले. गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या यांसारखे कॅल्शियमयुक्त अन्न वारंवार घेणाऱ्या मातांच्या मुलांची हाडे अधिक भरीव निघाली. मातेच्या रक्तातील फोलेटचाही असाच संबंध दिसला. सुनेच्या ताटात वाढलेली पालेभाजी सहा वर्षांनंतर नातवाच्या मणक्यात सापडली, असे म्हणण्यास हरकत नाही.

तूट भरून काढण्याच्या प्रयत्नाचे फळ किती, याचाही हिशेब झाला आहे. हैदराबाद परिसरातील २९ खेड्यांपैकी १५ खेड्यांत १९८७ ते १९९० या काळात अंगणवाडी योजनेतून गरोदर व स्तनदा माता आणि सहा वर्षांखालील मुले यांना पूरक आहार दिला गेला. उरलेल्या १४ खेड्यांत ती योजना तेव्हा पोहोचलेली नव्हती. पुढे २००३ ते २००५ मध्ये, म्हणजे ही मुले १३ ते १८ वर्षांची असताना, त्यांना पुन्हा मोजले. पूरक आहार मिळालेल्या गावांतील मुले सरासरी १४ मिलिमीटरने उंच निघाली. दीड सेंटिमीटरहूनही कमी हा फरक कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु साध्या पूरक आहाराची खूण दीड दशकानंतरही हाडांत शिल्लक राहते, हा त्याचा खरा अर्थ आहे.

आतापर्यंतचा हिशेब शहराच्या बाजूने झुकलेला दिसतो. आता शहराच्या नावे असलेली बाकीही पाहिली पाहिजे, आणि तिचा सर्वांत बोलका दाखला नाशिकचाच आहे. मुडदूस या विकारात कोवळी हाडे मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड दिसतात. शंभर वर्षांपूर्वी युरोपातील औद्योगिक शहरांत याने थैमान घातले होते आणि कारणाविषयी वाद चालला होता. काहींच्या मते कारण निकृष्ट अन्न होते, काहींच्या मते कोंदट वस्ती. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिक भागात पाहणी करून १९२२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर वावरणाऱ्या गरीब कुटुंबांत मुडदूस जवळजवळ नव्हता. तो आढळला पडदा पाळणाऱ्या सधन घरांत. तेथील स्त्रिया आणि लहान मुले वाड्याच्या आत राहत, जेवण चांगले असे, पण ऊन अंगावर पडत नसे. त्यापूर्वी १८९० साली थिओबाल्ड पाम या डॉक्टरने जपानमधील वास्तव्यानंतर हेच सुचवले होते, की ऊन भरपूर तेथे मुडदूस कमी. बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टरने १९१९ साली मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांच्या दिव्याने उपचार करून त्यांची हाडे सुधारल्याचे क्ष-किरण चित्रांतून दाखवून दिले. अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषले जाण्यासाठी जे ड जीवनसत्त्व लागते, ते कातडीवर ऊन पडल्यावर शरीर स्वतःच बनवते, हे पुढे उलगडले.

नाशिकचे ते वाडे गेले, परंतु मुलांचा अंतर्वास संपलेला नाही. इमारतीतून शाळेच्या गाडीत, गाडीतून वर्गात, वर्गातून शिकवणीला आणि तेथून पुन्हा इमारतीत, असा दिवस असलेल्या मुलाच्या अंगावर ऊन पडते तरी कधी? खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने उजेड मिळतो, ड जीवनसत्त्व मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. हवेतील धूरही ते अडवतो. दिल्लीच्या मोरी गेटसारख्या प्रदूषित भागातील बालकांची तुलना त्या वेळी कमी प्रदूषित असलेल्या गुडगावच्या बालकांशी करणारे संशोधन २००२ साली प्रसिद्ध झाले. मोरी गेटच्या बालकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व निम्म्याहून कमी भरले. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलामुलींत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली आणि तिचे प्रमाण खेड्यांपेक्षा शहरांत अधिक होते. उन्हाची ही श्रीमंती गावाकडे अजून शिल्लक आहे.

दुसरी श्रीमंती श्रमाची आणि खेळाची. हाडावर जसा भार पडतो, तसे ते घडते. फिनलंडमधील टेनिस व स्क्वॅश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन्ही हातांची हाडे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजण्यात आली. खेळण्याच्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा भरीव होते. ज्यांनी पाळी सुरू होण्यापूर्वीच खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्यात हा फरक उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या दुपटी-चौपटीने अधिक होता. कॅनडात मुलांच्या वाढीचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासातून दिसले, की प्रौढपणीच्या हाडांतील खनिजापैकी सुमारे एक चतुर्थांश खनिज वाढीच्या उसळीभोवतीच्या दोनच वर्षांत साठवले जाते. नेमकी हीच वर्षे शहरी घरांत आठवी ते दहावीच्या अभ्यासाच्या नावाने खुर्चीत जातात. साठीनंतर ज्या हाडांवर चालायचे, त्यांची बचत त्या दोन वर्षांत करायची असते. आजीचा दंड चाचपून दिलेला निर्वाळा, मग तो नातू खेळणारा आणि पोटभर जेवणारा असेल तर, शास्त्राला धरूनच असतो.

शहराच्या खात्यावर तिसरीही एक नोंद आहे. भरपूर खाणारी आणि कमी हालचाल करणारी मुले चरबीने वाढतात आणि अशी मुले, विशेषतः मुली, लवकर वयात येण्याकडे कल असतो. घरात कौतुक होते, की नववे संपले नाही तोच कशी बाराची दिसते. अस्थिवय पुढे पळालेले असते, म्हणजेच दारे लवकर लागणार असतात. त्याहून नाजूक बाब मनाची. शरीर बारा वर्षांचे झाले, तरी मन नऊ वर्षांचेच असते. तिला भातुकली सोडून "आता मोठी झालीस" असे सुनावणे, मैदानावरून घरात बोलावणे, पोशाखावरून टोकणे, हे त्या कोवळ्या मनावर ओझे असते. तिचे मैदान बंद करणे तर हाडांच्याही तोट्याचे.

गाव आणि शहर यांतील हे अंतर स्थिर नाही. १९ व्या शतकात युरोपातील अनेक वाढत्या शहरांत माणसे खेड्यांतल्यापेक्षा बुटकी राहत, कारण घाण पाणी, दाट वस्ती आणि साथी. फ्रान्समधील विलेर्मे या डॉक्टरने १८२९ साली सैन्यभरतीच्या नोंदी तपासून दाखवले, की उंची ठरवण्यात हवापाण्यापेक्षा सुबत्ता आणि दारिद्र्य यांचा वाटा मोठा आहे. पुढे पाणी, सांडपाणी, लस आणि दूध यांची व्यवस्था शहरांत आधी झाली आणि पारडे फिरले. आता ते पुन्हा हलते आहे. २०० देशांतील ५ ते १९ वर्षांच्या सुमारे ७ कोटी १० लाख मुलांची मोजमापे एकत्र करून १९९० ते २०२० या तीस वर्षांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक देशांत शहरी मुलांना उंचीत मिळणारा लाभ या काळात घटत गेला आणि काही श्रीमंत देशांत ग्रामीण मुलेच किंचित पुढे गेली. गाव किंवा शहर हा शेवटी एक पत्ता आहे. हाडे वाढतात ती त्या पत्त्यावर मिळणाऱ्या अन्नावर, स्वच्छ पाण्यावर, उन्हावर आणि मोकळ्या जागेवर.

अस्थिवयाचा प्रश्न घरापुरताही राहत नाही. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली, पण जन्मनोंद नसल्याने वय कसे ठरवायचे हा पेच पडला. प्रथम उंचीवरून अंदाज बांधले गेले. परंतु उपासमारीने खुरटलेले तेरा वर्षांचे मूल दहाचे दिसे आणि थोराड बांध्याचे मूल मोठे ठरून पूर्ण वेळ राबे. १८३७ साली एडविन सॉंडर्स या दंतवैद्याने उंचीपेक्षा दात अधिक विश्वसनीय असल्याचे मांडले. आपल्या देशात बालन्याय कायदा, २०१५ नुसार वय ठरवताना प्रथम शाळेचा दाखला, नंतर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि यांपैकी काहीच नसेल तरच अस्थिचाचणी, असा क्रम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच नमूद केले होते, की क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंनी दोन वर्षांचा फरक पडू शकतो. क्रिकेट नियामक मंडळही सोळा वर्षांखालील खेळाडूंची निवड करताना टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीने अस्थिवय तपासते. यात वय चोरणारे सापडतात हे खरे, पण ज्याची हाडे स्वभावतःच पुढे आहेत असा प्रामाणिक मुलगाही अडकू शकतो. चाचणी सांगते ते हाडांचे वय. मुलाचे वय सांगतो तो जन्मदाखला. म्हणून गावी झालेल्या जन्माची नोंद वेळेवर करून तो कागद जपून ठेवणे, हीही मुलाच्या हिताची गोष्ट आहे.

घरी काय करता येईल? पहिली गोष्ट नोंदीची. व्यापारी घरात पै-पैची वही असते, पण मुलांच्या उंचीची वही क्वचितच आढळते. दर वाढदिवशी आणि त्यानंतर सहा महिन्यांनी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, उंची व वजन लिहावे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी २०१५ साली सुधारित वाढतक्ते प्रसिद्ध केले आहेत, ते कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे पाहायला मिळतात. एका दिवसाच्या उंचीपेक्षा वाढीचा वेग अधिक सांगतो. वयात येण्यापूर्वीच्या काळात वर्षभरात पाच सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ झाली, तर दाखवून घ्यावे. मुलीत आठ वर्षांपूर्वी किंवा मुलात नऊ वर्षांपूर्वी वयात येण्याची चिन्हे दिसली, तर विलंब करू नये. कारण लवकर निदान झाल्यास उपाय असतात आणि चकती बंद झाल्यावर कोणतीही पावडर, गोळी किंवा लोंबकळण्याचे साधन उंची वाढवू शकत नाही.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून मुलासाठी तीत १३ सेंटिमीटर मिळवावे, मुलीसाठी १३ वजा करावे आणि दोनाने भागावे. वडील १७० आणि आई १५४ सेंटिमीटर असेल, तर मुलाचा अंदाज १६८.५ आणि मुलीचा १५५.५ येतो. त्याच्या आठ-एक सेंटिमीटर अलीकडे-पलीकडे मूल असेल तर सहसा चिंतेचे कारण नसते. शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा हा हिशेब अधिक न्याय्य आहे.

तिसरी गोष्ट ताटाची. शाकाहारी घरात हाडांसाठी लागणारे बहुतेक सर्व काही आहे. दूध, दही, ताक, पनीर, डाळी, चवळी-मटकीसारखी कडधान्ये, तीळ, राजगिरा, हिरव्या पालेभाज्या हे सारे घरचेच आहे. नाचणीत तर शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधाच्या सुमारे तिप्पट. मात्र ब-१२ या जीवनसत्त्वाकडे लक्ष हवे. वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षांच्या ३१ टक्के मुलामुलींत त्याची कमतरता आढळली. शाकाहारात ते मुख्यतः दुधातून मिळते. चहात घातलेल्या चमचाभर दुधाने ती गरज भागत नाही. आवश्यक तेथे तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक मात्रा घ्यावी. आणि सर्वांनी जेवून उरेल ते घरच्या सुनेने खावे ही रीत जेथे असेल, तेथे ती आजच सोडावी.

चौथी गोष्ट मैदानाची. रोज तासभर उड्या, धावणे, लंगडी, खो-खो, दोरी, आणि तेही ऊन असताना, मुलांइतकेच मुलींनाही. शिकवणीचा एक तास कमी झाला तर तो पुढे भरून काढता येतो. तेराव्या वर्षाची हाडे विसाव्या वर्षी भरून काढता येत नाहीत.

शहरातील कुटुंबांनी गावचे ऊन, ताक आणि मैदान मुलांना मिळवून द्यावे. गावात ज्यांची दुकाने व पेढ्या आहेत, त्यांनी तेथील अंगणवाडीत दूध, डाळ आणि स्वच्छ पाणी पोहोचते की नाही, याकडे लक्ष द्यावे. दुकानात हमालाबरोबर येणाऱ्या त्याच्या लहान मुलाची हाडेही याच वर्षांत घडत असतात, आणि त्यासाठी त्याच्याकडे दुसरी वर्षे नाहीत.